बाबा, पाव टाकी तरी भरलेली ठेवा

चिपळूण,
१८ जानेवारी

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

घर व्यवस्थित आहे. सुपाऱ्या उतरवून झाल्या. मांजर दोन्ही वेळा जेवतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या गाडीचा फ्यूल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलणारा पंप, गेला होता, तो मी अंगणातच बदलला. फोनवर बोलले नाही, कारण बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि आई, 'पेट्रोलची टाकी उघडली' एवढंच ऐकून तुला रात्रभर झोप लागली नसती. सगळं क्रमाने कळावं म्हणून लिहिते आहे.

मी आले त्या दिवशी गाडी सुरू करायला गेले. सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी चांगली होती, पण इंजिन काही पकडेना. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घूं असा बारीक आवाज येतो, तोच येत नव्हता. फ्यूज पाहिला, शाबूत होता. पंपाचा रिले, म्हणजे त्याला वीज सोडणारा छोटा स्विच, काढून हॉर्नच्या रिलेच्या जागी लावला, तर हॉर्न वाजला. म्हणजे रिलेही ठीक. मग बाबा, तुमच्या पत्र्याच्या पेटीतला वीज मोजायचा मल्टिमीटर काढला. मागची सीट उचलली, शेजारच्या काकांना चावी फिरवायला सांगितली आणि पंपाच्या कपलरवर, वायर जोडतात तिथे, मोजलं. १२ व्होल्ट येत होते. वीज पोचते आहे आणि मोटर हलत नाही, म्हणजे मोटरच गेली. इस्त्री उघडायच्या आधी तुम्ही दर वेळी वायर तपासायचात, ते बघतच मी मोठी झाले. न मोजता मी नवा पंप आणलाच नसता.

गॅरेजवाले म्हणाले, गाडी ओढून आणा. पण आपल्या बोळात ओढून नेणारी गाडी वळत नाही, आणि दोरी बांधून हमरस्त्यापर्यंतचा तो उतार उतरायचा धीर मला झाला नाही. म्हणून घरीच करायचं ठरवलं. गाडीचा चासी नंबर दाखवून पंपाचा अख्खा संच मागवला. नुसती मोटरही मिळते, पण जाळी, पेट्रोलचा काटा हलवणारा तरंगता गोळा आणि नळ्याही तितक्याच जुन्या झालेल्या. त्यात अर्धवट काम नको वाटलं.

आई, हा भाग तुझ्यासाठी. त्या दिवशी सकाळी मी बंब पेटवला नाही आणि देवाजवळ दिवाही लावला नाही. रागावू नकोस. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून न जाता जमिनीलगत सरकत जाते. अंगणातून ओटी, ओटीतून देवघर. तिला वाट मिळाली असती. संध्याकाळी सगळं आवरून, वास पूर्ण गेल्यावर, हातपाय धुऊन दिवा लावला. गाडी मोकळ्यावर ढकलली होती, चारी दरवाजे उघडे ठेवले होते, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं होतं. शेजारच्या काकांनी त्यांच्या दुकानातला पावडरचा अग्निशामक आणून दिला आणि काम संपेपर्यंत ते तिथेच उभे होते. मोबाइल घरात ठेवला होता. काम सुरू करायच्या आधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावून घेतला, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून. टाकी जवळजवळ रिकामी होती, पण रिकामी टाकी म्हणजे वाफेने भरलेली टाकी, हे मला ठाऊक होतं. म्हणून कुठेच घाई केली नाही.

सीटखालच्या झाकणावर वर्षानुवर्षांची तांबडी माती बसली होती. ती आधी ब्रशने आणि ओल्या फडक्याने पूर्ण काढली. अर्धा तास त्यातच गेला, कारण त्यातला चिमूटभर कचरा टाकीत पडला असता तर नव्या पंपाच्या जाळीत जाऊन बसला असता. डोळ्यांवर चष्मा होताच. नळीभोवती जाड फडकं गुंडाळून ती हळूच सोडवली, उरलासुरला दाब फडक्यातच गेला. पंपाला धरून ठेवणारं मोठं कडं मात्र हलेना. त्यावर लोखंडी छिन्नी मारली तर ठिणगी पडायची भीती. मी आंब्याच्या लाकडाचा तुकडा टेकवून हातोडीने थोडं थोडं ठोकत फिरवलं. कडं सुटलं तेव्हा काका माझ्याआधी 'सुटलं!' म्हणून ओरडले.

जुना पंप वर काढताना गोळ्याची दांडी वाकू नये म्हणून तिरका करून काढावा लागतो. जाळी तपकिरी झाली होती. कड्याखालची रबरी रिंग नवीन घातली. त्या जागी सिलिकॉन लावू नका असं दुकानदारानेही बजावलं होतं, कारण साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि सुटून येतं. सगळं जोडल्यावर सेल्फ न मारता नुसती चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ केली, नळीत दाब भरू दिला, आणि प्रत्येक सांध्यावर बोट फिरवून पाहिलं. कोरडं. मग सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. मला रडू आलं, खरंच.

बाबा, आता तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. तुम्ही गाडीत नेहमी दोनशेचं पेट्रोल टाकता, लाल दिवा लागला की पुन्हा दोनशेचं. आमच्या दोघींच्या फीच्या वर्षांत ती सवय लागली, हे मला माहीत आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याने काही बिघडतही नव्हतं, कारण तिचा पंप बाहेर, इंजिनाला चिकटून असायचा. आठवतं ना, मे महिन्यात कुंभार्ली घाट चढताना गाडी गपकन बंद पडायची, नळीत पेट्रोलची वाफ व्हायची? आई तिचा पंचा भिजवून द्यायची, तुम्ही तो पंपावर ठेवायचात, आणि आम्ही दोघी कठड्याशी करवंदं खात थांबायचो.

या गाडीचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच उभा असतो. त्याला थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं, त्यातून वाहणारं आणि त्याच्याभोवतीचंही. म्हणजे आईच्या ओल्या पंच्याचं काम आता टाकीतलं पेट्रोल करतं. टाकी सतत तळाला असली, की पंप उघडा पडून तापत राहतो, आणि वळणावर किंवा चढावर पेट्रोल एका बाजूला गेलं की हवाही ओढतो. सोळा वर्षं आणि एक लाख किलोमीटर झाल्यावर पंप जाणं काही आक्रीत नाही, तुमच्यामुळेच गेला असं मी म्हणत नाही. पण पुढे पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. पेट्रोलचे पैसे दर महिन्याला मी पाठवणार आहे आणि त्यावर तुम्ही नको म्हणायचं नाही.

होतं तेवढ्या पेट्रोलवर पेट्रोल पंपापर्यंत गेले आणि टाकी भरून आणली. नंतर गुहागरपर्यंत जाऊन आले, चढावर कुठे आचका नाही. जुना पंप दोन दिवस उघड्यावर वाळवून खोक्यात ठेवलाय. तुम्हाला उघडून बघायचा असेल, म्हणून टाकला नाही.

एक काम मात्र दोघांनी मिळून करायचं. बाबा, चावी ऑन केली की लगेच सेल्फ मारू नका, तीन सेकंद थांबा. तो बारीक आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही. आई, तू शेजारच्या सीटवर असशीलच. घूं ऐकू आलं की 'हं' म्हण, मग बाबा चावी पुढे फिरवतील.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी