पायांमधून मागे फेकलेला चेंडू

एडिसन, न्यू जर्सी
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. आमच्या चिरंजीवांना शाळेच्या फुटबॉल संघात ‘लाँग स्नॅपर’ म्हणून घेतले, एवढे एकच वाक्य मी मागच्या पत्रात लिहिले होते, तर त्यावर तू दोन पाने प्रश्न विचारलेस. त्यांतला शेवटचा, ‘यावर कुणाचे पोट भरते का रे?’ हा प्रश्न तर आमच्या सौभाग्यवतींनी तुझे पत्र वाचून जसाच्या तसा मला पुन्हा विचारला. तेव्हा दोघांनाही एकदाच सविस्तर उत्तर देतो.

इथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात मधल्या खेळाडूने वाकून चेंडू पायांमधून मागे दिला की खेळी सुरू होते. एरवी तो चेंडू अगदी जवळ, फार तर चार-पाच यार्डांवर उभ्या असलेल्या क्वार्टरबॅककडे, म्हणजे चढाई चालवणाऱ्या खेळाडूकडे, जातो. परंतु चेंडू लाथेने उंच मारून प्रतिपक्षाला दूर रेटायचे असते, ज्याला पंट म्हणतात, तेव्हा मारणारा सुमारे १५ यार्ड मागे असतो. आपल्या खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, त्यावरून अंदाज कर. खाली मान घालून, जग उलटे पाहत, तेवढ्या अंतरावर लांबुळका चेंडू पाऊण सेकंदात नेमका हातात पोचवणे, हे लाँग स्नॅपरचे काम. फील्ड गोलच्या, म्हणजे चेंडू लाथेने दोन खांबांमधून मारून गुण मिळवण्याच्या वेळी अंतर निम्मे असते, पण नजाकत अधिक लागते. सात-आठ यार्डांवर गुडघा टेकून बसलेला होल्डर चेंडू झेलतो, जमिनीवर उभा धरतो आणि किकर तो मारतो. हे सगळे सुमारे १.३ सेकंदांत उरकावे लागते. चेंडूला एका बाजूने शिवणीची दोरी असते, ती किकरच्या पायाखाली येऊन चालत नाही. म्हणून कसलेला स्नॅपर चेंडूला अशी आणि एवढीच फिरकी देतो, की होल्डरच्या हातात पडताना दोरी आपोआप योग्य बाजूला असावी. आणि चेंडू सुटताक्षणीच समोरचे धिप्पाड गडी अंगावर येतात, त्यांनाही थोपवायचे असते.

आता पोटाचा प्रश्न. व्यावसायिक लीगमध्ये संघ ३२, आणि प्रत्येकाकडे साधारणपणे असा एकच गडी. म्हणजे साऱ्या देशात जागाही जवळजवळ ३२ च. मात्र ज्याला जागा मिळते, त्याची ती सहसा लवकर जात नाही. पॅट्रिक मॅनेली १९९८ साली ड्यूक विद्यापीठातून, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या सहाव्या फेरीत, शिकागो बेअर्स या संघाकडे गेला आणि १६ हंगामांत २४५ सामने खेळला. तो त्या संघाचा विक्रम आहे. २०१९ पासून कॉलेजमधल्या उत्कृष्ट लाँग स्नॅपरला त्याच्याच नावाचा पुरस्कार दिला जातो. पगार म्हणशील तर, सात किंवा अधिक हंगाम झालेल्या खेळाडूचा किमान पगार २०२४ साली १२ लाख १० हजार डॉलर होता. क्वार्टरबॅकांच्या कोट्यवधींपुढे ही चिल्लर आहे, पण माझ्या पगारापुढे नाही.

ही झाली आमच्या घरी सांगण्याजोगी बाजू. दुसरी फक्त तुला सांगतो, कारण तू कॉलेजात यष्टिरक्षक होतास.

ट्रे जंकिन नावाचा गडी १९८३ साली लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, म्हणून बफेलो बिल्स या संघाकडे आला. पुढे रेडर्स, सिअ‍ॅटल, अ‍ॅरिझोना असे संघ फिरत, लाँग स्नॅपिंगच्या जोरावर, तो २००१ च्या हंगामापर्यंत टिकला. कोणत्या सामन्यात त्याने काय केले, हे कुणाला सांगता येणार नाही. आणि या कामात ते नावाजणेच आहे. वयाच्या ४१ व्या वर्षी तो निवृत्त होऊन घरी बसला होता. २००२ च्या हंगामाच्या शेवटी न्यूयॉर्क जायंट्सना भरवशाचा स्नॅपर मिळेना, म्हणून त्यांनी बाद फेरीच्या सामन्याला जेमतेम काही दिवस उरलेले असताना त्याला बोलावून घेतले.

५ जानेवारी २००३, सॅन फ्रान्सिस्कोचे कँडलस्टिक पार्क. जायंट्स ३८-१४ असे पुढे होते, आणि तरीही शेवटच्या मिनिटाला ३९-३८ असे मागे पडले. सहा सेकंद उरले असताना ४१ यार्डांचा फील्ड गोल मारायचा होता. जंकिनचा चेंडू खाली गेला, होल्डरला तो नीट धरता आला नाही, त्याने गोंधळात उचलून पुढे फेकला आणि सामना संपला. दुसऱ्या दिवशी लीगने मान्य केले, की त्या खेळीत सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळाडूने केलेला अडथळा पंचांकडून सुटला आणि खेळी पुन्हा व्हायला हवी होती. त्याचा आता काय उपयोग! जंकिन मात्र सामन्यानंतर वार्ताहरांपुढे उभा राहिला आणि सगळा दोष त्याने आपल्याकडे घेतला. त्यानंतर तो पुन्हा खेळला नाही.

मला हा हिशेब आजही पटत नाही. २४ गुणांची आघाडी त्याने घालवली नव्हती. स्नॅपर, होल्डर आणि किकर या तिघांचा मेळ महिनोन् महिन्यांच्या सरावाने बसतो, आणि इथे पाहुण्याला आठवडाभरात पंगतीत बसवून वाढायलाही लावले होते. तरीही त्याचे नाव काढले की इथे लोकांना १९ हंगाम आठवत नाहीत, तो एक चेंडू आठवतो. तू दिवसभर यष्टींमागे उठबस करायचास आणि संध्याकाळी आम्ही फक्त त्या चार बायबद्दल बोलायचो, त्याची मला हे वाचताना थोडी लाज वाटली.

चिरंजीवांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “बाबा, त्याला होल्डरबरोबर किती चेंडू टाकायला मिळाले असतील?” मग मला घेऊन ते परसात गेले. सध्या रोज संध्याकाळी ५० चेंडू टाकतात आणि ते झेलायला मी १५ यार्डांवर उभा असतो. चेंडू कमरेशी यायला हवा, असे ते म्हणतात. मंगळवारी एक बोटांवर आला. उजव्या हाताची करंगळी अजून सुजलेली आहे, म्हणून या खेपेस अक्षर असे वाकडे आले आहे, ते चालवून घे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप