व्यायामशास्त्राला वाट दाखवणारा बसमधला जिना

महोदय,

पाश्चात्त्य देशांतल्या व्यायामाचा इतिहास सांगताना बर्लिनच्या हाजेनहाइड मैदानावर १८११ मध्ये फ्रीडरिश यान यांनी उभारलेल्या आखाड्याचे नाव येते. येणे योग्यच आहे. पण लंडनच्या डबलडेकर बसमधला जिना सहसा कोणाला आठवत नाही, याचे मला वाईट वाटते.

ब्रिटिश वैद्यकीय संशोधक डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुष कामगारांची पाहणी केली आणि १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा, तरी बस एकच. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. पोस्टमन आणि कचेरीतल्या कारकुनांतही असाच फरक दिसला. मग मॉरिस यांनी गणवेशांची मापेही तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेला जास्त रुंद निघाल्या! म्हणजे नोकरीला लागतानाच चालक जाड होते का, ही शंका त्यांनी स्वतःच पुढे आणली. आपल्याच निष्कर्षाला असा प्रश्न विचारणारा संशोधक मला फार मोलाचा वाटतो.

मी मुंबईत डबलडेकरवर कंडक्टर होतो. खांद्याला पैशांची पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि गाडी हलत असताना जिना. संध्याकाळी पोटऱ्या भरून येत. मॉरिस २००९ मध्ये, ९९व्या वर्षी गेले. शालेय पाठ्यपुस्तकात व्यायामाच्या धड्यात त्यांच्याबद्दल चार ओळी तरी याव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त कंडक्टर, परळ