अण्णांची गाडी ढकलते

लालबाग,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विन्या,

आधी शिव्या देऊन मोकळा हो, मग पुढचं वाच. तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही आणि पाडव्याला फोन केलास तेव्हा ‘बसमध्ये आहे’ म्हणून ठेवला. बसमध्ये नव्हतो. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. आईचं मोतीबिंदूचं झालं, आता तिला घरातली सगळी जळमटं दिसतात.

लिहितोय ते क्लबातल्या आपल्या अण्णांमुळे, त्यांच्या त्या रिमोटवरच्या रेसच्या गाडीमुळे. फोनच केला असता, पण तू दुसऱ्याच वाक्याला ‘टायर कुठले?’ विचारणार आणि मग तासभर आपण टायरच चघळणार.

अण्णांचा उजवा हात थरथरतो. चहा पिताना फारसं कळत नाही, ते कप दोन्ही हातांनी धरतात. कळतं ते रिमोटच्या चाकावर. डाव्या हाताचं बोट ट्रिगरवर अगदी शांत असतं, ब्रेक अजूनही वेळेवर मारतात. पण उजव्या हातातलं चाक मधल्या जागी थांबतच नाही. आपली गाडी वीतभर, मोजून एकास अठ्ठावीस, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठ्ठाविसाव्या हिश्श्याएवढी. मोठ्या गाडीत हाताची चुळबुळ वजनात जिरून जाते, इथे ती थेट पुढच्या चाकांत उतरते. खोलीतल्या ट्रॅकवर, खिडकीच्या बाजूच्या सरळ रस्त्यावर त्यांची गाडी अशी वळवळत जाते की उलटलेल्या गाड्या सरळ करायला मार्शल म्हणून उभं असलेलं पोर आधीच वाकून तयार राहतं. ते बघवत नाही रे.

बारीक स्क्रू दिसत नाहीत म्हणून त्यांनी गाडी माझ्या ताब्यात दिली त्यालाही आता बरेच दिवस झाले. तेव्हापासून मी त्यांना न सांगता गाडी सौम्य करत आणली आहे. पुढचे टायर वीस डिग्री कडकपणाचे होते, ते तीसचे केले, मग चाळीसचे. रबर कडक, पकड कमी, म्हणजे हात हलला तरी नाक लगेच वळत नाही. पुढच्या चाकांना थोडा टो-आउट होता, म्हणजे ती पुढून किंचित बाहेर फाकलेली, तो शून्यावर आणला. पुढच्या स्प्रिंग कडक घातल्या. मग रिमोटमध्ये शिरलो. आधी एक्स्पो वाढवला, म्हणजे रिमोटचं चाक मधे असताना गाडी कमी वळते, टोकाकडे जास्त. वाटलं, मधला भाग मऊ झाला की थरथर मरेल आणि टोकाला चाकं पूर्वीइतकीच वळतील, हेअरपिन, म्हणजे ते पुरतं उलटं फिरवणारं वळण, शाबूत. सरळ रस्ता खरंच सुधारला. पण अण्णांचा हात वळणाच्या पोटातही थरथरतो आणि एक्स्पो वाढवला की तिथला उतार उलट जास्त तीव्र होतो. मधे वाचवलेलं सगळं टोकाला व्याजासकट वसूल. (आठवतं, पार्किंगमध्ये टामियाची मोठी टीटी-०१ चालवायचो तेव्हा तू माझ्या स्पेक्ट्रम रिमोटवर एक्स्पो उणे केला होतास? तुझ्या फुटाबा रिमोटात उणे म्हणजे मऊ, माझ्यात उणे म्हणजे वेड. पहिल्याच वळणाला देसायांच्या स्कूटरखाली. पुढचं बंपर तू आजतागायत भरून दिलेलं नाहीस.) शेवटी ड्युअल रेटच, म्हणजे चाकं जास्तीत जास्त किती वळणार ती मर्यादाच, कापला, शंभरावरून पासष्टवर. आता थरथर सगळीकडे सारखी कमी. पण चाकं वळणार तेवढीच, त्यामुळे खांबाजवळची हेअरपिन एका दमात बसत नाही.

आज शेवटची रेस होती. उद्यापासून खोली मंडळाकडे, ट्रॅकच्या मऊ लाद्या गुंडाळून माळ्यावर, आता थेट अनंत चतुर्दशीनंतर. हवा दमट होती, सगळ्यांचीच पकड हीट-हीटला, म्हणजे फेरीगणिक, बदलत होती, जो तो चिकटपट्टीवर टायर फिरवून धूळ काढत बसलेला. अण्णांची पहिली हीट बरी गेली. कुठे आपटले नाहीत, पाचवे आले. मी मनात म्हटलं, झालं, जमलं. तर हे रिमोट खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणतात, “मंग्या, माझी गाडी ढकलते. वळवली तरी नाक सरळच जातं.”

मी म्हटलं, हवा दमट आहे अण्णा.

“दमट हवेत सगळ्यांच्या गाड्या मागून सुटतायत. माझीच तेवढी पुढून ढकलते?”

विन्या, मला सांग, या माणसापासून काय लपवायचं? ‘ढकलणारी गाडी म्हणजे पुढच्या टायरची तक्रार’ हे आपल्याला शिकवलं कुणी? जायरोचं, म्हणजे गाडी आपोआप सावरणाऱ्या त्या यंत्राचं, प्रकरण तू विसरला असशील, मी नाही. क्लबमध्ये बंदी असताना तू गुपचूप लावून आलास. अण्णा पाठ करून चहा ओतत होते, वळून एक लॅप पाहिला आणि म्हणाले, “याची शेपटी न सांगता सरळ होते. उघडा.” तुझं तोंड तेव्हा असं झालं होतं की माझ्या गाडीत काय काय होतं ते विचारायचं सगळेच विसरले.

तर अण्णांनी काय केलं, दुसऱ्या हीटच्या आधी सोनूकडून स्वतःच वीसचे टायर बसवून घेतले. ड्युअल रेटही वर चढवला, कितीवर ते मला दिसलं नाही. पहिले काही लॅप, शपथ सांगतो, जुने अण्णा. हेअरपिनला आत नाक घालून माझ्या पुढे निघाले. आणि मग त्याच हेअरपिनला हात हलला. पुढच्या टायरांनी लादी सोडलीच नाही, गाडी तिथल्या तिथे कुशीवर पलटी होऊन कठड्याला. परत. परत. सोनू नुसता धावत होता. शेवटचे आले. पण उतरताना चेहरा कसा होता म्हणशील? खूश. म्हणाले, “आता वळते.” आणि गाडी माझ्या हातात देऊन, “टी-प्लेट बघ, मागची ती लवचीक पट्टी, फार मऊ वाटते.”

टी-प्लेटला काहीही झालेलं नाही. मी घरी येऊन गाडी उघडली. डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा भाग, धरून पाहिला, गिअर आणि एक चाक घट्ट धरून दुसरं फिरवलं, जराही घसरत नाही. (हो, मला आवडतो तेवढा घट्ट. तुझं ‘सैल डिफ, मोकळं मन’ कोल्हापुरात ऐकव.) सेल चारही सारखे, सपाट काचेवर ठेवली तर चारही चाकं टेकतात. गाडी उत्तम आहे. आता ही उत्तम गाडी समोर घेऊन बसलोय आणि पुन्हा चाळीसचे टायर घालायला हात होत नाही.

सोनू म्हणतो, क्लबचा नियम बदला, साठीच्या वर जायरो चालेल. पोरगा मनाने चांगला आहे. पण अण्णांना ‘तुमच्यासाठी सूट’ म्हटलं की ते त्या दिवसापासून फक्त लॅप मोजायला बसतील, आणि मग नवीन पोरांना टामियाच्या १९७६च्या पोर्शे ९३४ची गोष्ट सांगत राहतील, एकास बाराची, जिच्यापासून टामियाची रिमोटच्या गाड्यांची ही सगळी दुकानदारी सुरू झाली. ती गोष्ट मला पाठ आहे. तुलाही. सुमन म्हणते, पडू दे की त्यांची गाडी, त्यांना आवडतं ना. तिला वाटतं हा खेळ आहे.

माझं डोकं कुठे अडलंय सांगतो. मी गाडी संथ केली ती त्यांच्यासाठी की मला बघवत नाही म्हणून, हे मला ठरवता येत नाही. पाचवे आले तेव्हा मला बरं वाटलं, त्यांना नाही. आणि हात थरथरतो हे त्यांना माहीत नसेल असं थोडंच आहे? हात त्यांचाच आहे. मग ते ‘गाडी ढकलते’ असं मलाच का विचारतात, एकट्याला गाठून न विचारता सगळ्यांसमोर का? एखादे वेळी वाटतं, त्यांना सगळं कळलंय आणि मीच कबूल करतो का ते बघतायत.

आता तुझं काम. तू डावरा. तुझा तो रिमोट, ज्याचं चाक फिरवून दुसऱ्या बाजूला बसवलं होतंस, तो अजून आहे का? त्यात चाक डाव्या हाताला येतं. अण्णांचा डावा हात स्थिर आहे. ट्रिगर उजव्या बोटाकडे जाईल, तिथे थरथर थ्रॉटलमध्ये, म्हणजे वेगात, येईल, पण थ्रॉटल जरा अडखळला तर गाडी हळू होते, कठड्यात जात नाही. चाळीस वर्षांची सवय उलटी करायची म्हणजे सुरुवातीला डावीकडे म्हणून उजवीकडे जातील. पण पुढचे दोन-अडीच महिने खोली बंदच आहे, कुणी बघणार नाही. माझ्या दारासमोर गॅलरीत चार लाद्या टाकून देईन.

आणि हे त्यांना तू सांगायचंस. मी सांगितलं तर उपकार होतात. तू सांगितलंस तर नेहमीचा उद्धटपणा होईल, तो त्यांना चालतो. फोन करून म्हण, ‘अण्णा, डाव्या हाताने मला हरवून दाखवा.’ हात, थरथर, वय, काही काढू नकोस. तुला हे असलं जमतं, मला मेलं जमत नाही. रिमोट आमच्या गाडीशी जुळला नाही तर चेसिसही पाठव, बॉडी त्यांची चढवू. तुझी ती निळी नको, तिला बघून ते जायरो आठवतील.

मुख्याध्यापकपदाचं काय झालं, आलं का पत्र? रेवतीला पुण्यात हॉस्टेल मिळालं हे सुमनने तुझ्या बायकोच्या स्टेटसवर पाहिलं, अभिनंदन, पार्टी उधार. तुझ्या पाठीचं दुखणं कमी असेल असं धरून चालतो. गणपतीत येणार असशील तर आधी कळव, या भागात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, तुला गॅलरीत लाद्यांवर झोपावं लागेल.

तुझा,
मंग्या

ता. क. आठ डिग्रीचे मागचे टायर मी नेलेले नाहीत. तुझ्या पिवळ्या डब्यात खालच्या कप्प्यात बघ, पिनियन गिअरच्या पुडीखाली. मिळाले की त्याच कुरिअरमध्ये घाल, नाहीतरी तिथे तुला काय उपयोग.