‘काळच तसा होता’ म्हणून सोडून देऊ नकोस

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडली होतीस. तुझं चिडणं मला रास्त वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं असं बायबलमधल्या, पौलाच्या नावावरच्या इफिसकरांच्या आणि कलस्सैकरांच्या पत्रांत लिहिलंय, पेत्राच्या पहिल्या पत्रात तर कठोर धन्याच्याही आज्ञेत राहा म्हटलंय. हे कसं मानायचं, असं तू शास्त्राभ्यासाच्या वर्गात विचारलंस आणि उत्तर मिळालं, “काळच तसा होता.”

हे उत्तर मुकाट्यानं पदरात घेऊ नकोस. आपल्या पणज्या-खापरपणज्यांना गावकुसाबाहेर ठेवणारेही ‘रीतच तशी होती’ म्हणायचे. ते आपण ऐकून घेत नाही. मग पौलासाठी माप वेगळं का?

शिवाय त्या प्राचीन जगात कुणालाच गुलामी खटकली नाही, हेही खरं नाही. इ.स. 380च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानात नुस्सा गावी ग्रेगरी नावाचा बिशप होता. बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात ‘मी दास-दासी विकत घेतल्या’ असं येतं ना, त्यावर त्यानं प्रवचन केलं. तो मालकांना थेट विचारतो: माणूस विकत घेतलास म्हणतोस, तर किंमत काय दिलीस? देवाच्या प्रतिरूपाला किती नाणी मोजलीस? देवानं सारी पृथ्वी माणसाच्या हाती दिली, मग पृथ्वीच्या त्या धन्याचाच लिलाव कसा करतोस? खरेदीखताच्या कागदानं तू मालक झालास असं तुला वाटतं. पण श्वास, दुखणं, आनंद, मरण दोघांना सारखंच, आणि शेवटी माती तीच. त्या प्राचीन जगातून आपल्यापर्यंत आलेल्या लिखाणात गुलामीवर इतका थेट घाव दुसरीकडे क्वचितच सापडतो. त्याचाच थोरला भाऊ बासील मोठा धर्मपंडित, गरिबांसाठी झिजलेला, पण काही माणसं शहाण्या धन्याच्या ताब्यात असलेलीच बरी, असं त्यानं लिहून ठेवलंय. दोघांचं घर एक, बायबल एक. त्यांची बहीण माक्रिना हिनं तर आईचं मन वळवून मोलकरणींना आपल्याच पंगतीला बसवलं होतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच शतकात, त्याच मुलखात, गंग्रा इथं बिशपांची सभा भरली. भक्तीच्या नावाखाली दासाला धन्याची चाकरी सोडायला शिकवणारा शापित असो, असा नियम तिनं केला. नियम करावा लागला, म्हणजे तसं शिकवणारे कुणीतरी होतेच ना? त्यांची नावंसुद्धा आपल्याला शिकवली जात नाहीत. ‘काळ तसा होता’ म्हणताना आपण त्यांनाच पुसून टाकतो.

फिलेमोनाचं पत्र तू पुन्हा वाच, 25च वचनं आहेत. तुझा दास अनेसिम याला दासापेक्षा अधिक, भाऊ म्हणून घे, असं पौल फिलेमोनाला म्हणतो. ‘त्याला मोकळं कर’ हे सरळ वाक्य मात्र तिथं नाही. ते तिथं हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. ते नसल्याचं मोल अमेरिकेतल्या गुलामांनी मोजलं. पळून आलेल्याला परत पाठवणं धर्माला धरूनच आहे, असं याच पत्राच्या आधारे तिथं सांगितलं गेलं.

हॉवर्ड थर्मन हे तिथले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. त्यांच्या आजीचं तरुणपण गुलामीत गेलं होतं. तिला वाचता येत नसे, म्हणून लहानपणी तेच तिला बायबल वाचून दाखवायचे. स्तोत्रं, यशया, शुभवर्तमानं चालत. पौलाची पत्रं मात्र नाहीत, फक्त करिंथकरांच्या पत्रातला प्रीतीचा अध्याय कधीमधी. कारण मालकानं आणलेला गोरा पाळक वर्षातून तीन-चारदा ‘दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा’ हेच वचन घ्यायचा. सुटका झाली आणि वाचायला शिकले, तर तो भाग वाचणार नाही, असं तिनं देवालाच सांगून टाकलं होतं. पाठीवर सोसलेल्या त्या बाईला मी कुठल्याही भाष्यकाराच्या वर बसवीन. आणि तिनं येशूला सोडलं नाही, हेही ध्यानात घे. ‘दास नाही, स्वतंत्र नाही’ हे गलतीकरांना लिहिणाराही पौलच. त्याच्याच वचनानं त्याला जाब विचारता येतो, आणि तो विचारण्यात मला अश्रद्धा दिसत नाही.

म्हणून वर्ग सोडू नकोस. येत्या रविवारी उपदेशकाचा तो अध्याय उघडायला सांग आणि ग्रेगरीचं म्हणणं सगळ्यांपुढे मांड. काय म्हणतात ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आई