घर दाखवताना भीड नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर विकायचं ठरलं की आपण रंग काढतो, गळके नळ दुरुस्त करतो, आवराआवर करतो. पण अनोळखी माणसाला थेट झोपायच्या खोलीपर्यंत न्यायचं आहे, हे लक्षातच येत नाही. आमच्याही आलं नव्हतं.

मध्यंतरी दुपारच्या वेळी दोघं जण घर बघायला आले. आई एकटीच होती. एकाने तिला गॅलरीत उभं करून पाणी, ऊन, शेजार असं सगळं विचारलं. दुसरा ‘आतली खोली बघून येतो’ म्हणून गेला. दहा मिनिटांत ‘कळवतो’ म्हणत दोघंही निघाले. चोरीला काही गेलं नाही. रात्री मी मागच्या खिडकीला सहज हात लावला, तर कडी काढलेली आणि झडप नुसती ओढून घेतलेली. ती खिडकी कित्येक महिन्यांत आम्ही उघडलीच नव्हती! त्यांनी दिलेला नंबर फिरवला, तो दुसऱ्याच कुणाचा निघाला. आई म्हणाली, “नाव-गाव खोदून कसं विचारायचं गं? गिऱ्हाईक बिचकलं असतं.”

नडते ती हीच भीड. २८ जुलै १९८६ रोजी लंडनमध्ये सुझी लॅम्प्लू ही घरविक्री एजन्सीत काम करणारी २५ वर्षांची तरुणी एका ग्राहकाला घर दाखवायला गेली, ती परतलीच नाही. तिच्या डायरीत त्या भेटीसमोर वेळ, पत्ता आणि ‘मिस्टर किपर’ एवढंच नाव होतं. हा किपर कोण, ते आजवर कळलेलं नाही.

आता आम्ही आधी पूर्ण नाव आणि नंबर घेतो, त्या नंबरवर स्वतः उलट फोन करतो आणि दारात ओळखपत्र बघतो. खरा घेणारा याने रागावत नाही, हा आमचा अनुभव आहे. वेळ दिवसाउजेडीची आणि घरात दोघं असतील अशीच देतो. येणाऱ्याला पुढे चालू द्यायचं, आपण मागे, दाराच्या बाजूला राहायचं. दोघं आले तरी दोघांना एकत्रच फिरवायचं. दागिने, कागदपत्रं, औषधं आधीच कुलपात. जाहिरातीतल्या फोटोंवरूनही नजर फिरवावी. आमच्या फोटोत दाराजवळ टांगलेल्या किल्ल्या स्पष्ट दिसत होत्या. नुसत्या फोटोवरून किल्लीची नक्कल करता येते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २००८ मध्येच दाखवून दिलंय. आणि मंडळी गेली की प्रत्येक कडी, प्रत्येक खिडकी हाताने तपासायची.

एजंट मंडळींना कळकळीची विनंती, घरात एकटी बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर गिऱ्हाइकाला नुसता पत्ता देऊन धाडू नका, स्वतः सोबत या. आणि संपादक महोदय, आपण मालमत्तेच्या जाहिरातींच्या पानावर यातल्या चार ओळी नियमित छापाव्यात. घर विकणारे ते पान नक्की उघडतात.

आपली,
एक वाचक