काटा 60 वर, जीप 75 वर

सोलापूर

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, चूक माझीच. इकडं सगळे बरे, आईचा गुडघा तसाच. पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू बे.

आबांच्या जीपचं क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली चाकं फिरवणारी दातेरी जोडी, बदललं मी. हायवेला 60 च्या पुढं इंजिन कसं किंचाळायचं तुला माहितीय. 43 ला 8 दात, म्हणजे 5.38 चा रेशो, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 5.38 फेरे, तो काढून 47 ला 11, 4.27 वाला टाकला, पुढच्या एक्सललापण तोच, नाहीतर फोर व्हील टाकल्यावर पुढचा-मागचा एकमेकाला ओढत बसला असता. गाडी अशी गप पळूलालीय की खूश होऊन आबांना चावी दिली.

तुळजापूरला निघालो, आबा चालवत होते, पोरं मागं. 45 किलोमीटरचा रस्ता, आपण लहानपणापासनं दगड मोजत गेलोय, आणि पोचल्यावर मीटर बघतो तर फक्त 36! पोटात गोळाच आला. अरे मीटरची केबल निघते ट्रान्सफर केसमधनं, गियरबॉक्सच्या मागं पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी ती, म्हणजे मी बदललेल्या जोडीच्या आधी. आता चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट कमी फिरतो, म्हणून काटा मागं राहतो. काटा 60 म्हणतो तेव्हा गाडी 75 ला असते, येताना मोबाईलवर लावून बघितलं. आबा आयुष्यात काट्यावर 60 च्या पुढं गेले नाहीत आणि मी त्यांना नातवंडांसकट 75 नं पळवलं, न सांगता. रात्री झोप नाही लागली.

गड्ड्याच्या जत्रेवेळी तू म्हणालास काट्याचं काय खरं, मी दोन दिवस बोललो नव्हतो तुझ्याशी. तेव्हा काटा खराच होता, ते भांडण तूच हरलास. आज मात्र मी हरलोय.

घाटात तिसऱ्या गियरवर चढणारी जीप ठोके देऊलाली, ओढ कमी झाली ना, आबा म्हणाले इंजिन गेलं. डिझेलपण जास्त खाती म्हणतात, मीटरच कमी किलोमीटर दाखवतंय तर काय होणार. आणि काटा नीट केला की वेगळंच. आबा 40 ला टॉप गियर टाकतात, आता 50 ला टाकावा लागणार, नाहीतर इंजिन घुसमटणार. चाळीस वर्षांची सवय मोडायला कुठल्या तोंडानं सांगू?

तुझी नवीन गाडी ऑटोमॅटिक ना, अभिनंदन रे. तिच्यात असले उद्योग करू नकोस, नवा रेशो कॉम्प्युटरला भरला नाही तर गियर भलत्याच वेगाला पडतात. वहिनींना नमस्कार, छोटीची परीक्षा कशी गेली ते कळव.

एक काम कर. केबलच्या टोकाच्या गियरला 18 दात आहेत, मी दोनदा मोजले. दात कमी तेवढी केबल जास्त फिरते, हिशेबानं 14.3 येतात, म्हणून 14 वाला पाहिजे, काटा दोन टक्के जास्त दाखवेल, ते चालतंय, कमी नको. इथं सगळीकडं विचारलं, मिळत नाही. पुण्यात नाना पेठेत बघ, जुना असला तरी चालेल, दात झिजलेले नकोत.

तोवर चावी माझ्याच खिशात आहे. आबा रोज विचारतात.

तुझा,
पक्या