खारबांध जुन्याच उंचीचे का?

महोदय,

उधाणाची भरती आली की अलिबाग-पेणकडच्या खारबांधांना, म्हणजे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधांना, खांडी (भगदाडे) पडतात, खारे पाणी भातखाचरांत शिरते, पंचनामे होतात आणि भराव टाकून बांध पूर्वीच्याच उंचीला आणून सोडला जातो. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली; २००६नंतर तर हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या आसपास आहे. मग नवा बांध जुन्या मापाने बांधण्यात काय हशील?

अर्थात नुसती उंची वाढवूनही भागणार नाही. पूर्वी गावकरी श्रमदानाने बांध राखत. बांधात चिंबोरीचे (खेकड्याचे) बीळ दिसले की लगेच चिखल ठासला जाई. १९७९च्या खारभूमी कायद्यानंतर बांध सरकारी झाला, आणि बीळ बुजवायलाही अंदाजपत्रक लागू लागले! उधाण काही मंजुरीसाठी थांबत नाही. उघाडीची, म्हणजे शेतातले पाणी बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या दाराची, झडप मोडली तरी तीच कथा.

खांड काही वर्षे तशीच राहिली तर शेतात कांदळवन उभे राहते. ते तोडायला कायद्याची बंदी, म्हणजे शेतकऱ्याची पिकती जमीन कायमची गेली. कांदळवन हवेच, पण बांधाच्या समुद्राकडच्या अंगाला. लाटेचा जोर तिथे मोडतो.

दुरुस्तीचा थोडा निधी पावसाळ्याआधी थेट ग्रामपंचायतींकडे द्यावा आणि पुढच्या कामांची उंची वाढत्या पातळीचा हिशेब धरून ठरवावी, ही विनंती.

– एक शेतकरी, ता. अलिबाग, जि. रायगड